अमेरिकेतलं हायस्कूल: अभ्यास आणि खेळ एकत्र कसे आखायचे

महाराष्ट्र बोर्डात ठरावीक पातळीवर खेळलेल्या मुलाला दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. अमेरिकेतल्या सरकारी हायस्कुलात गणित उलटं आहे. इथे खेळाबद्दल कोणी गुण देत नाही, पण विषय पास होऊन पुरेसे क्रेडिट (पास झालेल्या विषयांचं मोजमाप) जमले नसतील तर मैदानात पाऊल ठेवू देत नाहीत. भारतात शिकलेल्या आईवडलांच्या हे लवकर पचनी पडत नाही. मग एकतर 'नववीला खेळ कशाला, आधी अभ्यास' असं होतं, नाहीतर 'स्कॉलरशिप मिळेल' म्हणून घरदार शनिवार-रविवार मैदानावर जातं.

न्यू जर्सीतल्या एडिसन, साउथ ब्रन्सविक, प्लेन्सबरो, ब्रिजवॉटर अशा गावांत ज्यांची मुलं सातवी-आठवीत आहेत, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे. इतर राज्यांत आकडे बदलतात. कॅलिफोर्नियात खेळायला किमान २.० जीपीए (गुणांची सरासरी) लागतो. टेक्सासमध्ये १९८४ पासून 'नापास तर खेळ नाही' असा कायदाच आहे. सांगाडा मात्र सगळीकडे साधारण सारखा असतो.

माझं मुख्य म्हणणं एकच आहे. हायस्कूलच्या, म्हणजे नववी ते बारावीच्या, चार वर्षांचा विचार इयत्तांमध्ये करू नका, हंगामांमध्ये करा. वर्षाला तीन हंगाम, म्हणजे चार वर्षांत बारा. यातले किती हंगाम खेळायचे, कुठले मोकळे सोडायचे आणि मोकळ्या हंगामात काय करायचं, हे ठरलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

हंगाम आणि भारताची तिकिटं

शरद हंगामात अमेरिकन फुटबॉल, सॉकर (आपला फुटबॉल), क्रॉस कंट्री, फील्ड हॉकी आणि मुलींचं टेनिस असतं. हिवाळ्यात बास्केटबॉल, पोहणं, कुस्ती, बंदिस्त मैदानातली धावण्याची शर्यत, तलवारबाजी आणि बोलिंग. वसंतात बेसबॉल, सॉफ्टबॉल, ट्रॅक, लॅक्रॉस, गोल्फ आणि मुलांचं टेनिस. मुलींचं टेनिस शरदात आणि मुलांचं वसंतात, हे बऱ्याच घरांत उशिरा कळतं. भाऊ-बहीण दोघंही खेळत असतील तर त्या घराला सप्टेंबर ते जून उसंत नसते.

आता सगळ्यात व्यवहारी गोष्ट. शरद हंगामाची प्रॅक्टिस शाळा उघडायच्या आधी, ऑगस्टमध्येच सुरू होते आणि पहिल्याच काही दिवसांत ट्रायआउट (संघनिवडीच्या चाचण्या) उरकतात. आपली घरं उन्हाळ्यात भारतात जातात आणि जमलं तर गणपती करूनच परततात. तोवर संघ ठरलेला असतो. 'आजी आजारी होती' हे कारण कोच सहानुभूतीने ऐकून घेईल, पण जागा भरलेली ती भरलेलीच. डिसेंबरचंही तसंच. हिवाळी हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) आगेमागे सुरू होतो आणि नाताळच्या सुट्टीत पोहण्याच्या किंवा कुस्तीच्या संघाची प्रॅक्टिस चालूच असते. म्हणून तिकिटं काढण्याआधी शाळेच्या खेळ विभागाच्या पानावर प्रॅक्टिस सुरू होण्याच्या तारखा बघा. मूल शरदात खेळणार असेल तर जुलैत जाऊन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत या. गणपती इथल्या मंडळात होतातच.

आठवीचा हिवाळा: विषयांची निवड

जानेवारी ते मार्चच्या दरम्यान कधीतरी हायस्कूलचा काउन्सेलर (विद्यार्थ्यांचा सल्लागार) नववीच्या विषयांची यादी घेतो. पालक याकडे एखादा फॉर्म भरल्यासारखं बघतात, पण पुढची चारही वर्षं त्या पानावर ठरत असतात.

पदवीसाठी राज्याची किमान अट १२० क्रेडिटची आहे. पूर्ण वर्षाच्या एका विषयाला साधारण ५. त्यात इंग्रजी चार वर्षं, गणित तीन, प्रयोगशाळेसह विज्ञान तीन आणि सामाजिक शास्त्रं तीन. शिवाय परदेशी भाषा, कला, व्यावसायिक कौशल्य, आर्थिक व्यवहाराचा अर्धा अभ्यासक्रम आणि दर वर्षी शारीरिक शिक्षण. चांगल्या कॉलेजांची अपेक्षा याहून जास्त असते, तेव्हा १२० हा तळ समजा.

बहुतेक विषय तीन पातळ्यांवर असतात: सीपी म्हणजे कॉलेजच्या तयारीची नेहमीची पातळी, त्यावर ऑनर्स आणि सगळ्यात वर एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम. शाळेचं अभ्यासक्रमाचं पुस्तक संकेतस्थळावर मिळतं. ते उघडा आणि उलटं वाचा. बारावीत मुलाला कुठे पोचायचंय ते आधी बघा आणि तिथून मागे नववीपर्यंत या. कॅल्क्युलस हवं असेल तर त्याआधी प्रीकॅल्क्युलस, त्याआधी अल्जिब्रा २ आणि जॉमेट्री. यातली एक पायरी चुकली की ती भरून काढायला उन्हाळा खर्ची पडतो. आणि उन्हाळा हाच खेळाडूचा तयारीचा काळ.

शेजारच्यांची मुलगी सगळे ऑनर्स घेते म्हणून आपणही घ्यावे, हा दबाव आपल्या वस्त्यांत फार आहे. माझं मत असं, की शरदात खेळणाऱ्या नववीच्या मुलाने ज्या दोन-तीन विषयांत हात चालतो तेवढेच ऑनर्स घ्यावेत. नवी शाळा, नवे शिक्षक आणि दुपारी अडीच तास मैदान, हे सगळं सप्टेंबरच्या त्याच आठवड्यात अंगावर येतं. दहावीत पातळी वाढवता येते. उलट पातळी उतरवली तर मुलाच्या मनाला लागतं, ते वेगळं.

बारीक पण उपयोगी मुद्दा: बाहेरगावच्या सामन्यांसाठी खेळाडूंना शेवटच्या तासातून लवकर सोडतात. टेनिस आणि गोल्फवाल्यांचा शेवटचा तास तर हमखास बुडतो. तुमच्या शाळेत तासांचा क्रम रोज फिरत असेल तर नुकसान विभागलं जातं. फिरत नसेल तर शेवटच्या तासाला कुठला विषय आला आहे ते ऑगस्टमध्ये वेळापत्रक हातात पडताच बघा आणि रसायनशास्त्रासारखा विषय तिथे आला असेल तर काउन्सेलरला बदल होतो का ते विचारा. होईलच असं नाही, पण विचारणाऱ्याचं काम होण्याची शक्यता जास्त.

खेळ कोणता?

क्रिकेट हा न्यू जर्सीच्या शालेय खेळांच्या यादीत नाही आणि बॅडमिंटनही नाही. पलीकडे न्यू यॉर्क शहरातल्या सरकारी शाळांच्या लीगमध्ये २००८ पासून क्रिकेट आहे, पण नदीच्या अलीकडे ते क्लबातच खेळावं लागतं. क्लबातलं क्रिकेट जरूर खेळू द्या, फक्त ते शाळेच्या संघाच्या हिशेबात धरू नका.

मग राहिलं काय? इथे आपली माणसं टेनिसकडे धावतात, आणि अशा वस्त्यांत टेनिसच्या संघात शिरणं सगळ्यात अवघड असतं. जागा मोजक्या आणि निम्मी मुलं सहाव्या वर्षापासून खासगी कोचकडे जाणारी. बास्केटबॉल आणि सॉकरमध्येही ट्रायआउटला बरीच नावं गळतात.

ज्या मुलाने आजवर काही खेळलेलं नाही त्याच्यासाठी क्रॉस कंट्री आणि ट्रॅक. बहुतेक शाळांत इथे कुणाला वगळत नाहीत. क्रॉस कंट्रीची शर्यत पाच किलोमीटरची. व्हार्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य संघात, सात जण धावतात आणि पहिल्या पाच जणांचे क्रमांक संघासाठी मोजले जातात. बाकीचे जेव्हीच्या, म्हणजे त्याखालच्या संघाच्या, शर्यतीत धावतात. इथे प्रगती घड्याळात दिसते आणि कोचच्या मर्जीवर काही अवलंबून नसतं. दुसरा पर्याय तलवारबाजीचा. ज्या शाळांत हा संघ आहे तिथे पुष्कळ मुलं नववीतच पहिल्यांदा तलवार हातात धरतात. फॉइल, एपे आणि सेबर ही तीन शस्त्रं, प्रत्येकात तीन जण, म्हणजे एका सामन्यात नऊ जणांना संधी. नवख्या मुलासाठी ही जागा चांगली आहे.

काही शाळांत फक्त नववीचाही संघ असतो. नववीत जेव्हीत खेळणं हे कमीपणाचं नाही, तोच नेहमीचा रस्ता आहे.

फिजिकल (वैद्यकीय तपासणी) आणि कागदपत्रं

मूल हुशार आहे, खेळतंही चांगलं, पण कागद वेळेत न गेल्याने पहिल्या दिवशी बाकावर बसलंय, असं दर ऑगस्टमध्ये दिसतं.

पहिल्या अधिकृत प्रॅक्टिसच्या आधीच्या ३६५ दिवसांत झालेली वैद्यकीय तपासणी लागते. तिला ९० दिवसांपेक्षा जास्त काळ लोटला असेल तर प्रकृतीत काही बदल झाला का याची आणखी एक प्रश्नावली पालकांनी भरायची. फॉर्म राज्याचा ठरलेला आहे आणि तपासणाऱ्या डॉक्टरने हृदयतपासणीचा विशेष अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच ते विचारून घ्या. तुमच्या डॉक्टरने सही केली की काम संपलं असंही नाही. शाळेचा डॉक्टर तो फॉर्म पाहून मान्यता देतो आणि त्यात दिवस जातात. शाळेने दिलेल्या मुदतीच्या आठवडाभर आधी कागद पोचवा. मे-जूनमध्ये तपासणी केली तर तिन्ही हंगाम त्यात बसतात.

त्या फॉर्मवर घराण्यातल्या हृदयरोगाविषयी प्रश्न असतात: कुणी तरुण वयात अचानक गेलं का, हृदयाचा काही जन्मजात दोष आहे का. आपल्याकडे सगळ्या चौकटींत 'नाही'ची खूण करून मोकळं व्हायची सवय. तसं करू नका. भारतात फोन लावा, काका-मामांना विचारा. 'झोपेतच गेला' म्हणून सांगितलेला एखादा चुलता निघतो, आणि डॉक्टरला नेमकं तेच माहीत असायला हवं असतं.

याशिवाय डोक्याला होणारी इजा, अचानक हृदय बंद पडणं आणि ओपिऑइड वेदनाशामकं यांवरची माहितीपत्रकं वाचून आईवडील आणि मूल दोघांनी सही करायची असते. काही शाळा सहभागाची फीही घेतात.

पात्रता: आकडे एकदाच नीट समजून घ्या

राज्यातल्या शालेय खेळांचं नियमन एनजेएसआयएए ही संघटना करते. नववीच्या पहिल्या सहामाहीत क्रेडिटची अट नाही. फेब्रुवारीपासूनच्या दुसऱ्या सहामाहीसाठी पहिल्या सहामाहीत १५ क्रेडिट पास व्हावे लागतात आणि त्यात वर्षभराच्या विषयाचे निम्मे धरतात. दहावीपासून पुढे शरदात उतरायला मागच्या वर्षाचे ३० क्रेडिट लागतात. १ सप्टेंबरपूर्वी वयाची १९ वर्षं पूर्ण झाली असतील तर खेळता येत नाही. आणि नववीत शिरल्यापासून सलग आठ सहामाह्या एवढीच मुदत.

आपल्या घरांतली बहुतेक मुलं क्रेडिटच्या अटीत अडकत नाहीत, हे खरं. अडकतात ती भारतातून थेट नववी-दहावीत आलेली मुलं, कारण तिथली गुणपत्रिका इथल्या क्रेडिटमध्ये वेळेवर बसवलेली नसते. प्रवेश घेतानाच काउन्सेलरकडून ते लेखी करून घ्या. शिवाय शाळेचे स्वतःचे नियम राज्याहून कडक असू शकतात. सामन्याच्या दिवशी शाळेत ठरावीक वेळेपर्यंत हजर नसलेलं मूल त्या दुपारी सहसा खेळू शकत नाही. आदल्या रात्री दोनपर्यंत जागून प्रोजेक्ट केलं आणि सकाळी उशिरा सोडलं, तर संध्याकाळचा सामना गेला.

हंगामातला आठवडा

शाळा साधारण अडीचला सुटते. तीन ते पाच प्रॅक्टिस. आठवड्यात दोनेक सामने, आणि बाहेरगावचा असेल तर घरी यायला सात. जेवण आणि आंघोळ झाली की साडेसात-आठ. म्हणजे अभ्यासाला दोन-अडीच तास. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायला मनाई केली ती त्यासाठीच. न्यू जर्सीत अजून पुष्कळ शाळा साडेसातच्या सुमाराला भरतात.

हे आकडे कागदावर मांडले की दिसतं, की हंगामात तिसऱ्या गोष्टीला जागा नाही. रविवारची मराठी शाळा राहू द्या, ती दोन तासांची आहे. पण भरतनाट्यम, व्हायोलिन, एसएटीचा (कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेचा) क्लास आणि रोबोटिक्स हे सगळं हंगामातच चालवायचं म्हटलं तर आधी झोप जाते, मग गुण. अरंगेत्रम (नृत्याचा पहिला जाहीर कार्यक्रम) करायचं असेल तर ते खेळाच्या मोकळ्या हंगामाला जोडून, दहावी आणि अकरावीच्या मधल्या उन्हाळ्यात ठेवा.

मुलाला दोन सवयी लावा. एक, शाळेतल्या मोकळ्या तासात आणि बसमध्ये वाचनाचं काम उरकायचं. लिहिण्याचं आणि गणिताचं काम घरी. दुसरी, सामन्यामुळे तास बुडणार असेल तर शिक्षकाला आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगायचं. दुसऱ्या दिवशी 'काल मॅच होती' म्हणून उभं राहणारं मूल शिक्षकांना आवडत नाही. काही शाळा हंगामात खेळाडूला शारीरिक शिक्षणाच्या तासाऐवजी अभ्यासाचा तास घेऊ देतात, तेही विचारून घ्या. शाळेच्या ऑनलाइन पोर्टलवरचे गुण तुम्ही रोज बघू नका, आठवड्यातून एकदा मुलासोबत बघा.

अकरावी: इथे खरी कसोटी

एपीच्या परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत असतात. नेमकी तेव्हाच वसंतातल्या खेळांच्या काउंटी (जिल्हा) स्पर्धा ऐन भरात असतात. म्हणून अकरावीचे विषय निवडताना मूल कुठल्या हंगामात खेळतं हा पहिला प्रश्न. शरदात खेळणाऱ्याला मे मोकळा असतो, तो तीन-चार एपी पेलू शकतो. वसंतात खेळणाऱ्याने दोन-तीनवर थांबावं आणि एपीची उजळणी मार्चच्या मध्याआधी, म्हणजे प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आधी करायला लागावं. परीक्षा आणि महत्त्वाचा सामना एकाच दिवशी आले तर उशिराच्या तारखेची सोय आहे, पण ती शाळेच्या एपी समन्वयकामार्फत वेळेत मागावी लागते.

एसएटी आता संगणकावर होते आणि सव्वादोन तासांच्या आत संपते. तीही हंगाम बघून द्या. वसंतवाल्याने ऑगस्ट ते डिसेंबरच्या तारखांत, शरदवाल्याने मार्चमध्ये. आमच्या ओळखीपाळखीत सगळेच अकरावीच्या मेमध्ये एसएटी देतात. कारण विचारलं तर 'सगळे तेव्हाच देतात'.

डोक्याला मार लागला तर

इथे न्यू जर्सीचा कायदा स्पष्ट आहे. कन्कशनचा (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेल्या धक्क्याचा) नुसता संशय आला तरी मुलाला ताबडतोब मैदानाबाहेर काढतात, त्या दिवशी परत उतरवत नाहीत आणि डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय पुढेही नाही. परतीच्याही पायऱ्या असतात: आधी हलका व्यायाम, मग धावणं, मग धक्का न लागणारी प्रॅक्टिस, असं वाढवत नेतात. शाळेचा अ‍ॅथलेटिक ट्रेनर यावर लक्ष ठेवतो. त्याची आणि मुलाची ओळख पहिल्या आठवड्यातच झालेली बरी.

पालक विसरतात ती अभ्यासाची बाजू. डोकं दुखत असताना पडद्याकडे बघत लॅब रिपोर्ट लिहिणं मुलाला जमत नाही. त्याच दिवशी काउन्सेलर आणि नर्स दोघांना ईमेल करा, डॉक्टरची चिठ्ठी जोडा आणि गृहपाठ कमी करणं, परीक्षा पुढे ढकलणं अशी सवलत लेखी मागा. 'दोन दिवसांत बरा होईल' म्हणून थांबलात तर तोवर तीन चाचण्या साचतात.

कोचशी बोलणं

मुलाला किती वेळ खेळवलं, हा पालकाने कोचपुढे काढायचा विषय नाही. तो मुलाने काढायचा, तोही 'मला खेळवत का नाही' असं न विचारता 'मी कशात सुधारलं पाहिजे' असं विचारून. दुखापत, वागणूक, सुरक्षितता याबद्दल मात्र पालकाने जरूर बोलावं, सामन्यानंतर लगेच नव्हे, एक दिवस जाऊ देऊन. कोचने ऐकलं नाही तर अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, मग मुख्याध्यापक. थेट वर पत्र पाठवलं की ते परत खालीच येतं.

स्कॉलरशिपचं काय?

शाळेत खेळणाऱ्या शंभर मुलांतली साधारण सहा-सात कॉलेजात खेळतात, आणि खेळाची स्कॉलरशिप मिळणारी त्याहून खूप कमी. एनसीएए (कॉलेजांतल्या खेळांचं नियमन करणारी संघटना) कॉलेजांचे तीन विभाग करते, त्यातल्या तिसऱ्या विभागातली कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत. हार्वर्ड-येलसारख्या विद्यापीठांची आयव्ही लीगही देत नाही. तिथे खेळाचा उपयोग प्रवेशात होतो, फीमध्ये नव्हे. त्यामुळे हजारो डॉलर ट्रॅव्हल संघावर (शाळेबाहेरच्या, गावोगाव खेळणाऱ्या क्लब संघावर) खर्च करून ते पुढे वसूल होतील हा हिशेब सोडून द्या. मुलाला आवडतं म्हणून खर्च करत असाल तर गोष्ट वेगळी.

ज्याला खरंच पहिल्या विभागात खेळायचंय त्याने दहावीतच काउन्सेलरशी बोलावं. १६ मान्यताप्राप्त मुख्य विषय लागतात, त्यांतले १० सातव्या सहामाहीच्या आधी पूर्ण हवेत आणि त्या विषयांचा जीपीए किमान २.३. तुमच्या शाळेचा प्रत्येक विषय एनसीएएच्या यादीत असतोच असं नाही, यादी तपासून घ्या.

बाकीच्यांसाठी अनेक कॉलेजांना पाठवता येणारा एकच प्रवेशअर्ज, म्हणजे कॉमन अ‍ॅप. त्यात दहा उपक्रम लिहायला जागा असते आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. चार वर्षं जेव्हीत टिकून राहिलेल्या, शेवटी धाकट्यांना शिकवणाऱ्या मुलाची ती ओळ वर्षाला एक क्लब बदलणाऱ्याच्या पाच ओळींपेक्षा जड भरते, असं मला वाटतं.

बारावीचा शरद आणि वसंत

लवकर अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर असते आणि शरदातल्या खेळांच्या राज्य स्पर्धाही त्याच सुमाराला. म्हणून मुख्य निबंध जुलैत लिहून व्हायला हवा. कॉमन अ‍ॅप १ ऑगस्टला उघडतं, त्या आठवड्यात माहिती भरून टाका. शिफारसपत्रासाठी शिक्षकांना अकरावीच्या जूनमध्येच विचारा, सप्टेंबरमध्ये त्यांच्यापुढे रांग लागते. शिफारस कोचचीही घेता येते, पण ती जादा पत्र म्हणून. दोन विषयशिक्षकांच्या जागी ती चालत नाही.

कॉलेज मिळालं की वसंतात मुलं सैल सोडतात. वसंतात खेळणाऱ्याला पहिल्या सहामाहीचे १५ क्रेडिट बारावीतही लागतात, आणि जूनमधली अंतिम गुणपत्रिका कॉलेजात जातेच. गुण फारच घसरले तर कॉलेज दिलेला प्रवेश मागे घेऊ शकतं. तेव्हा मे महिन्यात मूल ट्रॅकवरून थेट मित्रांकडे निघालं, तर जाऊ द्या, पण आठवड्यातून एकदा पोर्टल बघण्याचा शिरस्ता जूनपर्यंत मोडू नका.